साडेचार तासांवरचा मुलगा

१२ मार्च, सकाळ

चि. बाळ्यास ताईचे आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. मेल पाहून दचकू नकोस. फोन आला की अण्णा शेजारी येऊन बसतात आणि मला काही बोलू देत नाहीत, म्हणून लिहितेय. माझी शाळा ठीक, गुडघा जागेवर. समोरच्यांनी गॅलरी बंद करून आपला उजेड खाल्लाय.

अण्णा हल्ली जिना चढत नाहीत. खालच्या खोलीतच झोपतात. पाय सुजतात. गेल्या आठवड्यात दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. तुला कळवू नको म्हणाले. हट्ट तर माहीत आहेच, खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी.

तू परदेशी गेलास तेव्हा त्यांनी तुझं तिकीट हातात घेतलं होतं, आठवतं? इथून सकाळी दहा, तिथे दुपारी अडीच. उभा जन्म बस आगारात गाड्यांच्या वेळा लावण्यात गेलेला माणूस, पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली आणि जाहीर केलं, "साडेचार तास. काहीच लांब नाही." दोन्हीकडची घड्याळं वेगळी असतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. आपण दोघं केवढे हसलो होतो. येतानाचं तिकीट पाहिलं असतं तर त्यांना कळलं असतं. सहा वर्षांत ते तू काढलंच नाहीस. तुला दोष देत नाही. बरं, थोडा देतेय.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हृदय थकलंय, आता ऑपरेशन झेपणार नाही. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मी अण्णांना विचारलं, बाळ्याला कळवू का? तर म्हणे, "एवढ्यात कशाला त्याची रजा घालवतेस? अगदीच वाटलं तर फोन कर. साडेचार तासांत दारात उभा राहील."

ते या हिशोबावर निर्धास्त होते रे. मला ते मोडवेना. पण आज पहाटे त्यांना धाप लागली, माझा हात सोडेनात, तेव्हा मी घाबरून सगळं सांगून टाकलं. सात-आठ हजार मैल. नुसत्या विमानात पंधरा तास.

मग आगारातल्यासारखे एकेक टप्पा विचारू लागले. त्याच्या घरापासून विमानतळ किती? आधी किती वेळ जाऊन बसावं लागतं? इथे उतरल्यावर बाहेर पडायला? मी सांगत गेले, ते बोटांवर धरत गेले. बोटं पुरेनात तशी त्यांनी मूठ मिटली.

"म्हणजे दीड दिवस," म्हणाले. थोड्या वेळाने भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मग त्याला आजच निघायला सांग."

बाळ्या, त्यांनी आजवर कुणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

उत्तर लिहीत बसू नकोस.

मी त्यांच्या उशाशीच आहे,
ताई