विहीणबाई आणि आत काहीच नसलेला मांथो

ती. आक्का,

वूशीहून धाकट्या पेइगनचा दंडवत. तुझे गुडघे काय म्हणतात? ग्वांगझोऊच्या दमट हवेत कुरकुरत असतील, तर त्यांनाही माझा नमस्कार सांग. भाऊजींनी सिगारेट सोडली असेलच (नसली तरी विचारू नकोस, उगाच चिडतील). आम्ही सुखरूप आहोत. म्हणजे आत्ता आहोत, शनिवारी नव्हतो.

झालं असं, की आमच्या पोरीचं, याछिनचं लग्न पक्कं करायला तिची होणारी सासू उत्तरेतल्या शानदोंगहून आली. लुआनबाई. यजमान हयात नाहीत, मुलगा एकुलता एक, तेव्हा हो-नाही सगळं तिच्याच हातात. बाई अंगानं भक्कम आणि आवाजानं त्याहून. निघण्याआधी फोनवर मी अदबीनं विचारलं, जेवायला काय करू? तर म्हणाली, "थाटमाट नको हो, दोन मांथो आणि भाजी, बस्स." म्हटलं, चला, बाई साधी आहे. आणि आपल्या वूशीत मांथो म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको! पुलाजवळच्या दुकानात रांग लावून टोपल्यांसकट घेऊन आलो. नाजूक चुण्यांचे, वाफाळते, आत डुकराच्या मांसाचं गोडसर सारण आणि काठोकाठ रस.

आता उत्तरेत मांथो म्हणजे आत काहीच नसलेला पाव, आणि सारण भरलं की त्याचा बाओझ होतो, हे मला या वयापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं (तू सांगायला हवं होतंस, तू चार गावं हिंडलेली). लुआनबाईंनी एक उचलला, भाकरी मोडावी तसा दोन्ही हातांनी मोडला, आणि रसाची चिळकांडी थेट त्यांच्या नव्याकोऱ्या रेशमी सदऱ्यावर!

"अगंबाई! ह्यात काय भरलंय?" मग चव घेऊन, "आणि मांसात साखर? कुणी आजारी आहे का घरात?"

मी म्हटलं, "आमच्या पणजोबांपासून मांथो असेच असतात." त्या म्हणाल्या, "पणजोबाही चुकतात." आणि त्यांनी ती जुनी गोष्ट काढली: खवळलेल्या नदीला शांत करायला माणसांची मुंडकी वाहायची, त्याऐवजी एका सेनापतीनं मांस भरून कणकेची मुंडकी वाहिली, तोच पहिला मांथो. याछिन टेबलाखालून माझा पाय तुडवत होती, पण मी रंगात आलो होतो. म्हटलं, "म्हणजे मुंडक्यात मुळात सारण होतंच की! उत्तरेला पोचेपर्यंत डोकी रिकामी झाली, त्याला आम्ही काय करणार?"

आक्का, लुआनबाई उठल्या. "ज्या घरात पाहुण्याचं डोकं काढतात, तिथे मुलगा द्यायचा की नाही, सकाळी सांगते," म्हणाल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं. याछिन रडत आत गेली. बायकोनं माझ्यापुढे गार भात आदळला. एका पावापायी पोरीचं लग्न मोडलं, म्हणत मी तो तसाच झाकून ठेवला.

सकाळी धपाधप आवाज आला. वाटलं, बाई पेटी ओढताहेत. जाऊन बघतो तर बाह्या सरसावून कणीक आपटताहेत, आणि माझी बायको शेजारी पीठ भुरभुरवतेय!

"बसा, व्याही. रिकामं डोकं कसं लागतं, खाऊन सांगा."

हातात तान्ह्या पोराच्या डोक्याएवढा मांथो आला. मी सारण शोधत शोधत खात गेलो तो पार पलीकडून बाहेर निघालो. पण काय सांगू, घट्ट, पदर सुटणारा, गव्हाची गोडी जिभेवर रेंगाळणारा! माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, तर शब्द निघाले, "अजून एक द्या."

बाई खदखदून हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "कालचे तुमचे उरलेत का हो?" या खेपेस खाली चमचा धरून खाल्ले, एकही शिल्लक ठेवला नाही. लग्न शरदात ठरलंय.

तुझा,
पेइगन

ता. क. लग्नापर्यंत लुआनबाई इथेच राहणार आहेत. मला कणीक शिकवायची म्हणतात. रोज तिन्ही वेळा मांथो आहेत. आक्का, मी थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का?

ता. क. दुसरा: मी काय लिहितोय म्हणून त्यांनी विचारलं. ग्वांगझोऊ एवढंच तोंडातून निघालं. गुरुवारी आम्ही दोघं पोचतो. पीठ त्या सोबत आणताहेत.