तेंदूपानाची पब्लिसिटी

चामोर्शी, २० एप्रिल १९५३
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या पुढे उपयोगी पडतात.
बिडीच्या पानांच्या इथल्या ठेक्यावर शेठजींनी मला मॅनेजर नेमलंय. तेंदूचं पान महिनाभरच तोडण्याजोगं असतं, मग जून होतं. तेवढ्यात तोडणारी माणसं जमवायची. शेठजी म्हणाले, सीझन गेला तर तूही गेलास. मी हसलो. टपालाने पब्लिसिटीचा कोर्स केलेला माणूस आहे मी!

२३ एप्रिल
शिपाई डोमा म्हणतो, "सायेब, कोतवालाले सांगून दवंडी देऊ. नाई तं बाजारात तुमीच दोन गोष्टी बोला." दवंडी! हे लोक अजून भोसल्यांच्या राज्यात आहेत. त्याला मॉडर्न बिझनेस समजावला. जांभया देत होता.

२७ एप्रिल
चांद्याहून पानतोडणीच्या नोटिसा छापून आल्या. लाल शाई. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की..." वाचून मलाच भरून आलं. पाच गावांतून जंगलात जाणाऱ्या वाटांवर झाडाझाडाला ठोकल्या.

२ मे
पानं घ्यायला फळी मांडून बसलो. चिटपाखरू नाही. आळशी जमात.
नदीपलीकडच्या ठेक्याचा मुंशी इतवारी मात्र बाजारात पान हातात धरून बसतो. "असं पान आणजा वं बाई. पोरगी बाळंत झाली का?" याला म्हणे धंदा! आपली माणसं नदी ओलांडून त्याच्याकडे जातात.

५ मे
गावातल्या गोकुळाबाईंना गाठून विचारलं. म्हणाल्या, "जंगल बंद हाय ना सायेब. नाकेदार दरसाल असाच कागद झाडाले ठोकते. आमी तं सरपणालेही जाऊन नाई राह्यलो."
म्हणजे वनखात्याची बंदी समजले! माझ्या मजकुराचा एवढा अपमान! डोमा म्हणाला, मी गावोगाव सांगून येतो. खबरदार, म्हटलं. खुलासासुद्धा छापीलच पाहिजे.

९ मे
"उपरोक्त सूचनेबाबत खुलासा" पहिल्या नोटिशीखाली ठोकला. आता शेंबडं पोरही समजेल.

११ मे
गोकुळाबाई म्हणाल्या, "औंदा दोन दोन कागद लागले. लय कडक बंदी हाय." गावाने शेळ्यासुद्धा बांधून ठेवल्यात.
दगडावर डोकं आपटतोय मी.

१९ मे
पान जून झालं. शेठजींना अकरा पानी रिपोर्ट धाडला. निष्कर्ष: जनता अडाणी. उपाय: पुढल्या वर्षी दुप्पट नोटिसा.

२५ मे, दुपारी
बाजारात चहावाला म्हणाला, "सायेब, सामान बांधलं का? मोटार दोनले सुटते." भाजीवालीने तेच विचारलं. न्हाव्यानेही. मी कुठेही जात नाही, असं तिघांना ठणकावून सांगितलं.
मग डोमा मान खाली घालून आला. शेठजी सकाळी स्वतः येऊन बाजारात उभ्याउभ्या बोलून गेले म्हणे: मॅनेजर आजपासून इतवारी, जुन्याला रजा. सगळ्या तालुक्याला कळलं.
मला लेखी काही आलेलं नाही.

तीन वाजता
दोनची मोटार गेली.