हाल्वर्द निस्टादच्या मागे राहिलेले

मी, सुलक्षणा हाल्वर्द निस्टाद, माहेरची रेगे, वय एकोणसत्तर, निवृत्त भूलतज्ज्ञ, राहणार कॉव्हेंट्री, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाची जबरदस्ती नाही. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. मला मूलबाळ नाही.

१. राहते घर मैत्रीण सुनीतीची मुलगी शिल्पा हिला द्यावे. माझ्या पतीच्या शेवटच्या आजारात ती दर शनिवारी मेडनहेडहून गाडी चालवत येई. एकदा त्याची नौदलाची टोपी घालून आपल्या इंग्लंडी मराठीत म्हणाली, "मावशी, हा टोपी मला परफेक्ट फिट होतो!" तो कण्हत होता, तरी हसला. टोपीही तिचीच.

२. सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-तारे पाहून समुद्रात आपली जागा काढायचे यंत्र, स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवरच्या संग्रहालयाला द्यावे. १९४० मध्ये जर्मन नॉर्वेत घुसले, तेव्हा हाल्वर्द नौदलात तरुण लेफ्टनंट होता. वरिष्ठांनी जहाज शत्रूच्या हवाली करायला सांगितले. हे यंत्र कोटाखाली घेऊन तो चार खलाशांसह मासेमारीच्या होडीतून शेटलंडला निघून आला.

३. पदक. याबद्दल थोडे लिहावे लागेल, आणि मी थकले आहे.

शेटलंडहून तो टॉर्पेडो बोट घेऊन नॉर्वेच्या किनाऱ्यावर जाई. खडकांच्या आड, फांद्यांखाली बोट लपवायची आणि जर्मनांचे जहाज आले की बाहेर पडायचे. १९४३ च्या हिवाळ्यात, एका धुकट सकाळी, त्याने एक मालवाहू जहाज बुडवले. त्याबद्दल हे पदक. युद्ध संपल्यावर ते छातीवर लावून तो गावी गेला. धाकटी बहीण गुनव्होर दारातच उभी राहिली. तिचा नवरा किनाऱ्यालगत जहाजांना वाट दाखवण्याचे काम करी. जर्मनांनी त्याला सक्तीने त्याच जहाजावर चढवले होते.

"तुला माहीत नव्हतं, हे मला कळतं," ती म्हणाली. "पण तुला आत घेता येत नाही."

तो परतला, तो कायमचा ब्रिटनमध्ये.

लग्नाआधी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये त्याने मला हे सांगितले. मी म्हटले, "युद्ध होतं, हुकूम होता." तो म्हणाला, "नेमही अचूक लागला, सुलू." नंतर वीस वर्षांच्या संसारात हा विषय निघाला नाही.

१९८६ मध्ये तो गेला. ते जहाज बुडाले तिथे आपली राख सोडावी, ही त्याची इच्छा. पुढच्या उन्हाळ्यात मी गुनव्होरचे दार वाजवले. तिने मला आत बसवले, कॉफी दिली.

"दुःखात बोलले होते मी," ती तोडक्या इंग्रजीत म्हणाली. "दुसऱ्या वर्षी आला असता तर घरात घेतलं असतं. दर उन्हाळ्यात वाट पाहायचे."

"मग बोलावलं का नाही?"

"तो का नाही आला?"

मग ती उठली, शेजाऱ्याची बोट मागून आणली आणि राख तिनेच आपल्या हाताने सोडली. आता तीही नाही. पदक तिच्या मुलाला द्यावे, पण आधी विचारावे. त्याचे वडील त्या जहाजावर होते. नको म्हणाला तर आग्रह करू नये.

४. इथल्या मराठी मंडळातल्या ज्या बायका हाल्वर्दला पाठीमागे 'सुलक्षणाचा जर्मन' म्हणत, त्यांना माझी लोणच्याची बरणीसुद्धा देऊ नये.

५. पुण्यातला माझा भाऊ शशिकांत लग्नाच्या वेळी म्हणाला होता, "त्या गोऱ्याशी लग्न केलंस तर आम्हाला तू मेलीस." मीही पुन्हा गेले नाही. आईच्या तेराव्यालाही नाही. त्याला काहीही देऊ नये, असे कच्च्या मसुद्यात लिहिले होते, ते खोडले. आईच्या बांगड्या त्याच्याकडेच जाव्यात, पण मृत्युपत्राने नव्हे. जानेवारीचे तिकीट काढले आहे. बांगड्या मी स्वतः नेणार. त्याने दार लावून घेतले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवीन.

वरील मजकूर वाचून, पटून सही केली.

सुलक्षणा निस्टाद

आम्हा दोघांसमोर सही झाली. आम्हाला यातून काही मिळणार नाही:
१. विनय रणदिवे
२. मधुमती ताम्हणे

कॉव्हेंट्री, १९ नोव्हेंबर १९९३