न सांगता वाचवलेलं पेट्रोल

प्रिय भुंग्या,

शर्यत हरलास याचा मला राग नाही. दोन वळणं उरलेली असताना टाकी कोरडी पडून गाडी आचके देत थांबली, त्याचाही नाही. राग आहे तो गॅरेजमध्ये परतल्यावर कॅमेऱ्यापुढे तू जे बोललास त्याचा. म्हणे पेट्रोल भरणाऱ्यानं घोळ घातला! उचलली जीभ लावली टाळ्याला. ते भरणारे आपले टाकीकाका तेव्हा तुझ्या मागेच उभे होते, हातात तुझी पाण्याची बाटली घेऊन.

पाय पेडलपर्यंत पुरत नव्हते तेव्हा तुझ्या पाठीशी उशी बांधणारा हाच माणूस. बाबा गेल्यावर आपल्या वह्यांना कव्हरं घालून देणाराही हाच. सोमवारी मालकांनी त्यांना काढलं. बावीस वर्षांची नोकरी एका पिशवीत मावली: नट आवळायचे दोन पाने, एक मग, चष्म्याची डबी. आणि मी, तुझी शहाणी ताई, मीही सगळ्यांसारखी त्यांच्यावर ओरडले, साधं वजन करून भरता आलं नाही का म्हणून. ते मूग गिळून बसले. मला वाटलं, चूक कळली म्हणून गप्प आहेत.

मग मी तुझ्या शर्यतीचे आलेख घेऊन बसले. पेट्रोल वाचवायचं म्हटलं की तुझ्या किती जिवावर येतं, ते मला विचार. ब्रेकच्या खुणेच्या आधीच पाय उचल, गाडी नुसती वाहू दे, हे मी रेडिओवर तीनदा ओरडल्याशिवाय तू जन्मात कधी केलं नाहीस. आणि या वेळी? पहिल्या सहा फेऱ्या, मी चकार शब्द काढलेला नसताना, तू प्रत्येक ब्रेकच्या खुणेआधी ऐंशी मीटरवर पाय उचलत होतास. टाकीत कमी आहे हे ठाऊक असलेला माणूसच असं चालवतो.

काल दुपारी काकांकडे गेले आणि त्या आलेखाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसून तो पाहिला. मग म्हणाले, पोराला सुरुवातीला हलकी गाडी हवी होती, पुढे वाचवतो म्हणाला. तुझ्या सांगण्यावरून त्यांनी तीन किलो कमी भरलं! शर्यत सुरू झाली की थेंबभरही भरता येत नाही, म्हणून मी आठवडाभर एकेका ग्रॅमचं गणित करते, आणि तुम्ही दोघांनी मला अंधारात ठेवलंत, कारण मी नाही म्हणाले असते. म्हणालेच असते! सातव्या फेरीत ती लाल गाडी तुझ्या पुढे गेली आणि तुझं वाचवणं तिथेच संपलं. माझ्या पडद्यावरचा हिशेब ठरलेल्या वजनावर चालतो, त्यात ते नसलेले तीन किलो दिसत होते, म्हणून मीच तुला सांगितलं, पळव, भरपूर आहे. तुला खरं ठाऊक होतं. तरी तू म्हणालास, बरं ताई. ते 'बरं ताई' मी कालपासून इतक्या वेळा ऐकलंय की कान किटले. लाज वाटली नाही तुला?

काकांनी मला शपथ घातली आहे की पोराची जागा जाईल, तू बोलू नकोस. मी ती मोडली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढायला मी? आज सकाळी आलेख आणि रेडिओची नोंद संघाच्या चौकशी समितीकडे देऊन आले. हा हंगाम तरी तुला गाडीत बसू देणार नाहीत. हे दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाऊ नये, म्हणून हे पत्र. आणखी एक. बुधवारी दहा वाजता काकांना साक्षीला बोलावलंय, आणि तो म्हातारा तुझ्यासाठी सरळ खोटं बोलणार आहे, सगळं स्वतःवर घेणार आहे. मी त्यांना अडवू शकत नाही. तू साडेनऊला ये, आणि त्यांच्या आधी आत जा.

इतकं होऊनही तुझीच,
ताई