टाचेचा तक्ता

६ फेब्रुवारी, शुक्रवार
काल लिहिलं की व्यायाम तीनदा केला. दुरुस्ती: एकदा केला. दोनदा आईला समजावून सांगितला. तेव्हा पाय माझाच हलत होता, पण तो धरणं बरोबर नाही.
२८ला अग्निशमन दलाची धावण्याची चाचणी. लेखी पास झाले आहे. आमच्या घरात लेखी काही देणारी मी पहिलीच. आता अडलंय ते टाचेपाशी. फिजिओबाई म्हणाल्या, धावायचं नाही, पण बसूनही राहायचं नाही. पायरीवर टाचा खाली-वर, तळव्याखाली बाटली घोळवणं, सायकल.

८ फेब्रुवारी
तक्ता केला. पट्टीने आखून, चार रंगांत. डावा रकाना माझा, उजवा आईचा. तिचीही टाच वीस वर्षं दुखते. तक्त्यात संध्याकाळ गेली. उभ्याने आखला, म्हणून अर्धा व्यायाम धरला.

११ फेब्रुवारी
शेजारच्या काकूंची सायकल आणली. सीट उंच. तासभर पाना शोधला. बाबा म्हणाले, एवढ्यात गावाला वळसा घालून आली असतीस. आई तशीच उंच सीटवर बसून भाजीला गेली.

१४ फेब्रुवारी
बस गाठायला वीस पावलं पळाले. हे धावणं नव्हे, घाई. संध्याकाळी पाय टेकवेना. टाचेवर अकरा लेख वाचले. सातवा भयंकर.

१९ फेब्रुवारी
आखल्यापासून लाजेने तक्त्याकडे पाहिलं नव्हतं. आज न बघता गुंडाळून नेला. फिजिओबाई खूश. रोज तीनदा, एकही खाडा नाही, असा पेशंट त्यांना मिळत नाही म्हणे. खुणा सगळ्या आईच्या, पण डाव्या, माझ्या रकान्यात. रकान्यांवर मी नावं लिहिली होती. तिला वाचता येत नाही, हे मीच विसरले. सांगणार होते. तोवर बाईंनी तक्ता बाहेरच्या भिंतीवर लावला आणि कागदावर लिहून दिलं, ‘धावण्यास हरकत नाही.’

२३ फेब्रुवारी
आई आता कठडा न धरता जिना चढते. वरून म्हणाली, तू शिकवलंस म्हणून गं. तूही करून बघ की.

२५ फेब्रुवारी
भरती कार्यालयात फोन. पाय बरा नाही अशी फिजिओची चिठ्ठी शुक्रवारी पाचपर्यंत दिली तर तारीख बदलते. नाहीतर पुढची भरती दोन वर्षांनी. म्हणजे बाईंना खरं सांगणं आलं. सोपं आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार, सायंकाळी सहा
तीनला बाईंकडे गेले. तक्त्याखालीच जागा मिळाली. एक आजी खुणा मोजत होत्या, मला म्हणाल्या, कोण गं ही गुणाची पोर? मी म्हटलं, असेल कुणीतरी. नंबर आला तेव्हा दुसऱ्यांना पुढे जाऊ दिलं. दोनदा. मग पाच वाजले.
उद्या चाचणीला नाही, घरीच.
बाईंना सगळं खरं सांगायचं, आईला सोबत नेऊन. सोमवार, २ मार्च, सकाळी साडेनऊ.