प्रेसखालचा पहिला हात

सोमवार, ६ ऑक्टोबर
पत्रे दाबायची प्रेस थांबलीच नाही! लाल बटण दाबलं, तरी खाली आली आणि चाचणीचा भोपळा भिंतभर उडाला.

कारण सापडलं. ड्रायव्हर, म्हणजे प्रेस चालवणारा प्रोग्रॅम, स्पिनलॉक धरून होता — एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप; नेमका तेव्हा प्रोसेसरच्या त्याच कोअरवर बटणाचा इंटरप्ट आला, 'हातातलं थांबव, आधी माझं बघ' म्हणत. त्यालाही तेच लॉक हवं. तो वाट बघत अडून बसतो, आणि लॉकवाल्याला सोडायला हलूही देत नाही. दोघं ठप्प — प्रेस खाली येतच राहते. क्वचित होतं, पण होतं! लॉक धरताना इंटरप्ट बंद ठेवायचे, बस. तसं केलं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
अभिरामदादानं माझा बदल काढून टाकला. मावसभाऊ, वर टीमचा लीड — आधीच मर्कट, तशात मद्य प्याला!

"इमर्जन्सी स्टॉपचा इंटरप्ट बंद करतेस? पागल आहेस का, मधू? लोगों के हाथ जाएँगे!"

पापणी लवायच्या आत परत चालू होतो, म्हटलं. हात तुझ्या लॉकनं जातील! त्यानं स्टेपलर फेकून मारला. माझी भुवई फुटली. विजय नगरचं अख्खं ऑफिस बघत राहिलं. मी उकळता चहा त्याच्या कीबोर्डवर ओतला. अंगावर ओतायला हवा होता.

बुधवार, ८ ऑक्टोबर
टाके पडले. आई म्हणते, "भाऊ आहे, जाऊ दे ना." जाऊ दे म्हणे! थोबाड फोडावंसं वाटतं त्याचं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
उद्या सांवेरच्या कारखान्यात ट्रायल. कारखान्याचे मालक दौलतराव यांची रीत — नव्या प्रेसखाली पहिला हात बनवणाऱ्याचा, म्हणजे उद्या दादाचा. ती खाली येताना ते स्वतः बटण दाबतात. थांबली, तरच कामगार तिला हात लावतात.

माझा बदल नसतानाही इथे कालपासून दर वेळी थांबतेय. दादा खूश. कधीतरी थांबणार नाही, हे मला माहीत आहे. ते उद्याच होऊ दे. देवा, उद्याच!

शुक्रवार, १० ऑक्टोबर
"पक्का ना, भिया?" दौलतरावांनी दादाला विचारलं.

दादानं माझ्याकडे बोट दाखवलं. "लॉकचं हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. भांड भांड भांडली, आज गप्प आहे. मतलब सब ठीक है." आणि हात आत घातला.

मी गप्पच राहिले. मनगटापासून गेला.