मामांची होडी आणि हौद्यावरची खोली

पाया लेबार, सिंगापूर
रविवार, कोजागिरीचा आदला दिवस

ती. शेखरमामांस,

उन्मेषचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनापासून आहे, पण इथल्या हॉलमध्ये पूर्ण आडवं झालं की पाय फ्रिजला लागतात आणि डोकं टीव्हीखाली जातं. तेव्हा आठांपैकी पाच-सहा अंगं पोचली असं समजावं.) तुमचे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा, हे क्षिप्रा फोनवर दर वेळी वेगळं सांगते. रात्री तेल चोळता का, की बाटली फक्त उशाशी ठेवता? आम्ही तिघं ठीक. उर्मिलाची नोकरी सुरू आहे, इरा आठवीच्या वयाची झाली असून तिला आमचं काहीही पटत नाही, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे. चार ओळींपेक्षा मोठा मजकूर पाकिटातून पाठवावा, फोनवर तो अंगठ्याखालून पळून जातो, असं तुम्ही मला बजावलं होतंत. म्हणून हे पत्र. मजकूर चार ओळींपेक्षा बराच मोठा आहे.

मेअखेरीस क्षिप्राकडून कळलं की दिवाळीनंतर तुम्ही भोरचं घर बंद करून तिच्याकडे पुण्याला राहायला जाणार. ते बरंच आहे, मला आनंदच आहे. पण त्याच फोनमध्ये, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे, तिने असंही सांगितलं की होडी तुम्ही धरणाकाठच्या त्या रिसॉर्टवाल्याला द्यायचं कबूल केलंय आणि तो ती फाटकाशी ठेवून, तिच्यात माती भरून बोगनवेल लावणार आहे. (बोगनवेलीची रोपं जावईबापूंच्या, म्हणजे रुचिरच्याच नर्सरीतून जाणार आहेत असंही कळलं. घरचा भेदी, दुसरं काय!) मामा, तेव्हापासून मला चैन नाही. पाटबंधारे खात्याच्या लिलावात निघालेली ती चौदा फुटी होडी तुम्ही घेतलीत, महिनाभर खरवडून रंगवलीत आणि तिच्या नाकावर मामीचं नाव घातलंत, 'मीनल', तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि रंगाचा डबा धरायला होतो. त्याच होडीत तुम्ही मला वल्ही मारायला शिकवलंत. तासभर मारूनही ती जागची हलेना आणि मी रडकुंडीला आलो, तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत की दोरी अजून खुंटीलाच आहे, आधी हात तयार होऊ देत. चांगी बिझनेस पार्कातल्या बँकेत चौदा वर्षं काढली, पण मला इतकं नीट कोणी शिकवलं नाही.

आणि मामीची अट तुम्ही विसरला नसणार. नाव तिचं, पण ती एकदाही त्या होडीत बसली नाही. कोंडलेल्या पाण्यात काय बसायचं, म्हणायची, समुद्रावर न्या, मग बसते. तुम्ही दरवर्षी म्हणायचात, पुढच्या मे महिन्यात वरंधा घाट उतरू. मग बदली झाली, मग क्षिप्राचं लग्न निघालं, मग गुडघे. गेल्या मार्गशीर्षात मामीच गेली. मी दहाव्याला पोचलो आणि तेराव्याचं जेवून विमानात बसलो, तुमच्याशी धड बोललोसुद्धा नाही. त्याची रुखरुख आहे, ती लिहून टाकतो. तर माझ्या मनाने असं घेतलं की बोगनवेल लावायच्या आधी होडी एकदा समुद्राला लागली पाहिजे, आणि तुम्ही तिच्यात असलं पाहिजे.

आता तुमच्या अडचणी मला पाठ आहेत. लॉजच्या गादीवर तुमची पाठ झोपत नाही, परक्या संडासात तुमचं पोट ऐकत नाही आणि दर दोन तासांनी पाय लांब करावे लागतात. यावर उपाय म्हणून मी जो शोध लावला त्याला ट्रक कॅम्पर म्हणतात. पिकअपच्या हौद्यावर बसवायची एक तयार खोली असते ती. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, संडाससुद्धा. ती हौद्यावर, आणि मागे दोन चाकांच्या गाड्यावर आपली होडी, अशी वरात भोरहून हरिहरेश्वरला. रुचिरचा नर्सरीचा पिकअप आहेच, मागेही सीटं असलेला, आणि त्याच्या ओळखीचा भोसरीतला एक फॅब्रिकेटर सांगू तशी खोली बनवून देणार. कशी बनवायची तेवढं फक्त मी ठरवायचं होतं. हे 'तेवढं फक्त' जूनपासून चालू आहे.

माझ्या ऑफिसात पद्मनाभ म्हणून एक सोलापूरकर आहे. तो एकदा न्यूझीलंडला आठ दिवस असल्या गाडीत राहून आला आणि तेव्हापासून या विषयावर त्याचा शब्द शेवटचा असतो. त्याने पहिल्याच दिवशी मला घाबरवलं. म्हणाला, मागे बोट ओढायची असेल तर खोली हलकी हवी, कारण बोटीच्या वजनाचा दहावा हिस्सा पिकअपच्या मागच्या आकड्यावर दाबतो आणि तोही हौद्याच्याच खाती धरायचा. तेव्हा आधी बोटीचं वजन सांग. म्हणून मी तुम्हाला तीनदा मेसेज करून होडीचं वजन विचारलं होतं. पहिल्या वेळी तुम्ही अंगठा पाठवलात. दुसऱ्या वेळी 'हलकी आहे' असं लिहिलंत. तिसऱ्या वेळी लिहिलंत की सहा माणसं उचलतात, नंतर चहा पाजावा लागतो. यावरून मी आणि पद्मनाभने जेवणाच्या सुट्टीत गणित मांडून होडी आणि गाडा मिळून पाचशे किलो ठरवले. चहा धरला नाही.

मग खोलीचं माप. सात फूट बाय पाच फूट म्हणजे नक्की किती, हे कळावं म्हणून मी एका रविवारी हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्टीने चौकोन आखला आणि जाहीर केलं की आज संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी या चौकोनातच राहायचं. उर्मिलाने चौकोनात स्टूल ठेवून त्यावर इंडक्शनची शेगडी मांडली आणि पोहे केले. मी तुमच्या जागी झोपून दाखवलं. फोडणीतली मोहरी माझ्या कानात उडाली. (तुमचा पलंग शेगडीपासून लांब हवा, ही नोंद त्याच दिवशी झाली.) इरा दहा मिनिटं बसली, मग उठून मला म्हणाली, "बाबा, वी डोंट इव्हन हॅव अ कार, लाह." ('लाह' म्हणजे इथलं 'ना'.) तिचं म्हणणं खरं आहे. इथे गाडी घ्यायचा परवाना गाडीपेक्षा महाग पडतो, त्यामुळे आम्ही बसने आणि एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने फिरतो. ज्याच्याकडे सायकल नाही त्याने हौद्यावरच्या खोल्यांची तुलना करत बसावं, यात मुलीला काही विसंगती दिसली असेल तर तिचं शिक्षण बरं चाललंय म्हणायचं.

वजनाच्या बाबतीत मात्र मला कोणाच्या बापाची भीती नव्हती. मामा, इथल्या प्रत्येक मराठी घरात कपाटाच्या आतल्या बाजूला आकड्याचा एक छोटा वजनकाटा टांगलेला असतो. विमानाला माणशी तीस किलो. पुण्याहून निघताना भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, आईने ऐन वेळी कोंबलेली लोणच्याची बरणी, हे सगळं त्या तिसात बसवण्यात आमची उमर गेली. उर्मिला तर बॅग नुसती हाताने उचलून 'एकोणतीस सातशे' असं सांगते आणि ते बरोबर निघतं. तेव्हा पिकअप सातशे किलो वाहतो असं कळल्यावर आम्ही दोघं तयारीलाच लागलो. खोली चारशे तीस, टाकीतलं पाणी साठ, आकड्यावर होडीचा भार पन्नास, आणि बाकी घरातली एकेक वस्तू काट्याला लावून लिहिली. कुकर, तवा, गाद्या, तुमची शेकायची पिशवी, छत्र्या, अगदी खलबत्तासुद्धा. बेरीज सहाशे पन्नास. पन्नास किलो शिल्लक! त्या पन्नासात काय न्यायचं यावरून आमच्यात रीतसर भांडण झालं, मला मासे पकडायची जाळी हवी होती आणि उर्मिलाला फराळाचे डबे.

हा कागद घेऊन आम्ही गेल्या शनिवारी पुलापलीकडे मलेशियात, जोहोरला गेलो. तिथे लिम नावाचे एक म्हातारे गृहस्थ असल्या खोल्या बनवतात, पत्र्याची शेड आहे त्यांची. प्रत्यक्ष खोली बघावी, हाताने ठोकावी, मग भोसरीला कळवावं, एवढाच हेतू. पुलावर तीन तास गेले. लिम अंकलनी आम्हाला बार्लीचं थंड पाणी दिलं, कागद घेतला, चष्मा कपाळावर चढवून ओळ न् ओळ वाचला. खलबत्त्याशी थोडे थांबले. आणि मग कागद परत देत म्हणाले, "एव्हरीथिंग गॉट. पीपल व्हेअर? वॉकिंग, आह?"

मामा, पाच महिन्यांत, आम्हा दोन इंजिनियरांच्या आणि एका न्यूझीलंडवाल्याच्या हातून, माणसांचं वजन धरायचंच राहून गेलं होतं. विमानात माणसाचं वजन कोण करतो! चौदा वर्षं आम्ही बॅगा तोलल्या, स्वतःला कधी नाही. मी चौऱ्याऐंशी, रुचिर सत्तरच्या पुढे, इरा शेहेचाळीस, उर्मिलाचा आकडा तिने सांगितला नाही (परत येताना पुलावरसुद्धा नाही), आणि तुम्ही. आम्ही पाच जण बसलो की पिकअप अडीच-तीनशे किलोंनी जास्त होणार आणि वरंधा घाटात पुढची चाकं नमस्कार करणार.

मग तिथेच शेडमध्ये उभ्या उभ्या आम्ही काटछाट सुरू केली. आधी संडास गेला. मग ओटा गेला. लाकडी भिंतींच्या जागी कापडी भिंती आल्या, मग छप्पर कापडी झालं, मग पाण्याची टाकी जाऊन दोन कॅन आले. शेवटी खोलीत फक्त खोली हा शब्द उरला. लिम अंकल हे सगळं शांतपणे बघत होते. त्यांनी विचारलं की बोट कशासाठी ओढताय. मी तुमचं, मामीचं, समुद्राचं सगळं सांगितलं, जरा जास्तच सांगितलं. ते ऐकून घेऊन त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बोट गॉट, व्हाय नीड रूम? स्लीप इनसाइड बोट, लाह."

आणि मला एकदम ती दिवाळीची सुट्टी आठवली. आपण कार्तिकात मासे पकडून घरी आणले होते आणि मामीने आपल्या दोघांना माशांसकट बाहेर काढलं होतं. आपण काठावर ओढलेल्या होडीत झोपलो, वर ताडपत्री, खाली सुकं गवत. तासाभराने मामी स्वतःच पिठलं-भाकरी आणि दोन गोधड्या घेऊन आली होती, आणि होडीला हात लागू नये म्हणून तिने डबा लांबूनच पुढे केला होता. सकाळी तुम्ही म्हणालात की इतकी गाढ झोप तुम्हाला घरात कधी लागली नव्हती. जगातल्या एकूण एक खोल्यांची तुलना करून झाली माझी, आणि तुमची पाठ जिथे झोपते ती जागा मला बाराव्या वर्षापासून माहीत होती. पुलावर परत तीन तास लागले, पण मला ते कळले नाहीत. मला डोळे पुसताना इराने पाहिलं आणि आपली पाण्याची बाटली माझ्याकडे दिली.

तेव्हा आता असं ठरलंय. हौद्यावर खोली नाही, साधी ताडपत्री आणि गाद्या, तिथे आम्ही. मागे गाड्यावर होडी. मुक्कामाला थांबलो की होडीत गवत, त्यावर गादी, वर ताडपत्री, आणि तिथे तुम्ही. संडासाचं रुचिर बघतो म्हणालाय, महाडला त्याची आत्या आहे, म्हणजे ते घर परकं नव्हे. तुम्ही फक्त एक करा, गिरणीत जाऊन दळणाच्या काट्यावर उभे राहा आणि आकडा कळवा. काठी बाजूला ठेवून. अंगठा पाठवू नका.

उर्मिलाचा नमस्कार. इराचा 'हाय', जो ती फारशा लोकांना म्हणत नाही.

तुमचा,
उन्मेष

ता. क. १ : मुख्य विनंती लिहायची राहिलीच. आम्ही तेरा डिसेंबरला पोचतो, सोळाला निघायचं. तोवर होडी फाटकाशी जाऊ देऊ नका. शब्द मोडा असं म्हणत नाही, फक्त जानेवारीवर ढकला. रिसॉर्टवाल्याला म्हणावं, समुद्र बघून आलेल्या होडीत बोगनवेल जास्त फुलते. खोटं आहे, पण रुचिर तसं लिहून देईल.

ता. क. २ : हे उर्मिलाच्या आग्रहावरून. मला गाडी चालवता येत नाही. लायसन्स सहा वर्षांपूर्वीच संपलं आणि ते होतं तेव्हाही मी घाट उतरलो नव्हतो. चालवणार रुचिर. ज्यांना यावरून माझ्या पाच महिन्यांच्या अभ्यासाबद्दल काही बोलायचं असेल त्यांनी ते हरिहरेश्वरला बोलावं.

ता. क. ३ : मामीने आम्ही सिंगापूरला निघताना तिचा पितळी पानाचा डबा उर्मिलाच्या हातात दिला होता. वजन एक किलो दीडशे ग्रॅम. शनिवारी शेडमध्ये मी तो यादीतून चारदा खोडला आणि उर्मिलाने चारदा परत लिहिला. तो येतोय, तिच्या मांडीवर. होडीतली पुढची फळी त्याच्यासाठी रिकामी ठेवा. मामीला समुद्राकडे तोंड करून बसायला आवडलं असतं की तुमच्याकडे, हे मला ठाऊक नाही. तेवढं तुम्ही ठरवा.